नवीन ४ टीबी हार्ड डिस्क कॉपी करताना मध्येच नाहीशी होते; दोष डिस्कचा, केबलचा की पॉवरचा?

खानापूर_वाचनालय

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका गावच्या वाचनालयाचे काम पाहते. आमच्याकडची जुनी रजिस्टरे, बांधीव मासिके आणि गावकऱ्यांनी दिलेल्या हस्तलिखित वह्या आम्ही गेल्या दोन वर्षांपासून स्कॅन करीत आहोत, कारण इथल्या पावसात कागदाचा फार काळ निभाव लागत नाही आणि एका कपाटातील वह्या तर वाळवीने अर्ध्याअधिक खाल्ल्यानंतरच आमच्या लक्षात आल्या. आतापर्यंत सुमारे १८,००० पाने झाली आहेत. ए-४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन करून टिफ स्वरूपात ठेवले की २६ एमबी जागा लागते, म्हणजे सगळे मिळून ४७० जीबीच्या आसपास होते. हे सर्व सध्या संगणकातील १ टीबीच्या जुन्या डिस्कवर आहे. ती डिस्क सात वर्षांची झाल्यामुळे मनात सारखी धास्ती असते, म्हणून बेळगावातील एका दुकानातून ४ टीबीची साडेतीन इंची नवीन डिस्क आणली. बसने येताना पिशवी पूर्ण वेळ मांडीवर होती. डिस्क कुठेही पडलेली किंवा आपटलेली नाही.

भाच्याने ती संगणकात बसवून दिली. विंडोजमध्ये ती ३७२६ जीबी दिसते. कॉपी सुरू केली की पहिली दहा-पंधरा मिनिटे १५०-१६० एमबी प्रतिसेकंद असा चांगला वेग मिळतो, नंतर तो एकदम शून्यावर येतो, डब्यातून बारीक ‘टक्’ असा आवाज येतो आणि डिस्क यादीतून नाहीशी होते. कधी मिनिटभराने ती आपोआप परत दिसू लागते, तर कधी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. चेकडिस्क चालवून पाहिले, पण तेही मध्येच अडकले. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ आणि १५३ या क्रमांकांच्या नोंदी वारंवार आल्या आहेत.

डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम ‘गुड’ असे निळ्या रंगात दाखवतो. त्यातील ‘स्मार्ट’ नोंदींचे, म्हणजे डिस्क स्वतःविषयी ठेवते त्या नोंदींचे, आकडे जसे दिसतात तसेच पुढचे शून्य सोडून लिहिते: ०५ समोर ०, सी५ समोर ०, सी६ समोर ०, सी७ समोर डी४, ०९ समोर २९, ०सी समोर ४०, सी० समोर ३६. शिवाय ०१ समोर इतका प्रचंड आकडा आहे की तो पाहूनच मला भीती वाटली. डिस्क आणून सहा दिवस झाले असून दहा दिवसांच्या आत बदलून देऊ, असे दुकानदाराने सांगितले आहे. दोष नेमका कशात आहे, हे कसे ठरवावे?

चिकोडी_शिक्षक

ताई, माझे मत स्पष्ट आहे: उरलेल्या चार दिवसांत डिस्क परत द्या आणि दुसरी घ्या. दुकानदाराची मुदत संपली की मग कंपनीची वॉरंटीच उरते, आणि त्या मार्गाने गेल्यास बहुतेक वेळा नवीन डिस्कऐवजी कंपनीने दुरुस्त करून पुन्हा तपासलेली डिस्क हाती येते. आमच्या शाळेच्या निकालपत्रकांच्या बाबतीत मी ‘अजून थोडे पाहू’ असे म्हणत महिना घालवला आणि शेवटी डिस्कही गेली व दोन वर्षांची पत्रकेही गेली. ती पुन्हा हाताने तयार करताना जो मनस्ताप झाला, तो तुमच्या वाट्याला येऊ नये असे मनापासून वाटते. जुन्या डिस्कवरील एकही फाइल मात्र काढून टाकू नका.

निपाणी_संगणक_दुरुस्ती

ताई, सरांचा सल्ला काळजीपोटी आहे आणि दहा दिवसांची मुदत पाळायचीच आहे. तथापि, तुम्ही दिलेले आकडे पाहता, आज डिस्क बदलून आणली तरी नवीन डिस्कही तुमच्या संगणकात अशीच वागेल, अशी मला दाट शंका आहे.

हा प्रोग्राम कच्चे आकडे मुळात सोळाच्या पायावर दाखवतो, म्हणूनच तुम्हाला आकड्यात अक्षर दिसले. मेनूमध्ये ‘रॉ व्हॅल्यूज’ हा पर्याय शोधून तेथे दहाचा पाया निवडला की आकडे आपल्या नेहमीच्या पद्धतीने दिसतील. त्या हिशेबाने सी७ समोरचा डी४ म्हणजे २१२, ०९ समोरचे २९ म्हणजे ४१ तास, ०सी समोरचे ४० म्हणजे ६४ आणि सी० समोरचे ३६ म्हणजे ५४. ०१ समोरच्या मोठ्या आकड्याने घाबरू नका. काही कंपन्या तेथे चुकांची संख्या आणि वाचनांची संख्या एकाच आकड्यात गुंफून ठेवतात, त्यामुळे तो निरोगी डिस्कमध्येही अवाढव्य दिसतो. ३७२६ जीबीचेही तसेच आहे: कंपनी टीबी दहाच्या पायावर मोजते आणि विंडोज १०२४ च्या पायावर, त्यामुळे ४ टीबी इतकेच दिसणार.

खरी माहिती दोन ठिकाणी आहे. पहिले ठिकाण म्हणजे सी७. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये डेटा केबलमधून जाताना माहिती बिघडली की पडताळणीत ती चूक पकडली जाते, ती माहिती पुन्हा पाठवली जाते आणि या आकड्यात एकाची भर पडते. ४१ तासांत २१२ वेळा हे घडले असेल, तर माहिती साठवणाऱ्या डिस्कच्या तबकड्यांपेक्षा त्यांच्याबाहेरचा रस्ता आधी तपासायला हवा. हा आकडा कधीच कमी होत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर तो शून्य होईल अशी अपेक्षा धरू नका. तो २१२ वरच थांबतो की पुढे सरकतो, एवढेच पाहायचे.

दुसरे ठिकाण म्हणजे ०सी, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाची किल्ली तेथेच आहे. डिस्कला वीज मिळून ती किती वेळा सुरू झाली, ते हा आकडा सांगतो. गेल्या सहा दिवसांत तुम्ही संगणक कितीदा सुरू केला असेल? दहा किंवा फार तर पंधरा वेळा. मग डिस्क ६४ वेळा कशी सुरू झाली? उरलेल्या वेळी संगणक चालू असतानाच तिची वीज तुटली असावी. सी० समोरचे ५४ याला दुजोरा देते, कारण वीज अचानक गेली की डिस्क आपले वाचणारे-लिहिणारे हेड घाईने मागे घेते आणि त्याची नोंद तेथे होते. तुम्ही ऐकलेला ‘टक्’ हा आवाज त्याचाच असण्याची शक्यता मोठी आहे.

आता मला दोन गोष्टी सांगा. डिस्कला पॉवर कोठून दिली आहे? पॉवर सप्लायच्या वायरला मुळातच असलेल्या पंधरा पिनांच्या साटा प्लगमधून दिली आहे, की चार पिनांच्या जुन्या मोठ्या प्लगला कन्व्हर्टर लावून? आणि डेटा केबल नवीन आहे की संगणकात पूर्वी पडून असलेलीच वापरली आहे? उत्तर देण्यापूर्वी संगणक बंद करून, भिंतीवरचे बटनही बंद करून, दोन्ही जोड हातात घेऊन उजेडात नीट पाहा.

तोवर एक विनंती आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर हे सात आकडे वहीत लिहा. केबल, प्लग आणि पोर्ट हे तिन्ही एकदम बदलले तर दोष जाईल कदाचित, पण तो कशात होता हे कळणार नाही, आणि तो सदोष भाग कधीतरी पुन्हा कोणाच्या तरी संगणकात बसेल.

खानापूर_वाचनालय

दादा, तुमचे उत्तर वाचून मी आज दुपारी डबा उघडला. पॉवर सप्लायला साटाचे दोनच प्लग आहेत. एक जुन्या डिस्कला आणि दुसरा डीव्हीडी ड्राइव्हला. त्यामुळे भाच्याने चार पिनांच्या प्लगला कन्व्हर्टर लावला होता, जो आमच्याच कपाटात बऱ्याच वर्षांपासून पडून होता. तो बाहेर काढला तेव्हा त्याच्या चार पिनांपैकी पिवळ्या वायरची पिन काळवंडलेली दिसली, तिच्याभोवतीचे पांढरे प्लास्टिक तपकिरी पडून किंचित आत वाकलेले होते आणि नाकाजवळ नेल्यावर जळकट वास आला. उरलेल्या पिनांवरही हिरवट थर होता. डेटा केबलही जुनीच आहे आणि डब्यात मावावी म्हणून ती मध्ये काटकोनात दुमडून ठेवलेली होती.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी फक्त पॉवर बदलली. डीव्हीडी ड्राइव्ह आम्ही वापरत नाही, म्हणून त्याचा प्लग काढून नवीन डिस्कला लावला. त्यानंतर दोन तास कॉपी करूनही डिस्क एकदाही नाहीशी झाली नाही आणि ०सीचा आकडा संगणक जेवढ्या वेळा सुरू केला तेवढाच वाढला. सी७ मात्र २१२ वरून २१९ झाला. मग गावातल्या मोबाइल दुकानातून नवीन डेटा केबल मागवून लावली आणि तेव्हापासून सी७ २१९ वरच थांबलेला आहे. संपूर्ण ४७० जीबी पावणेदोन तासांत उतरले.

येथवर सर्व ठीक आहे असे वाटून फार बरे वाटले होते, परंतु टेराकॉपी या कॉपी करण्याच्या प्रोग्राममध्ये पडताळणीचा पर्याय निवडून उतरलेल्या फाइली परत वाचू लागले, तेव्हा एका वहीच्या तीन पानांवर ती अडखळली. आता सी५ समोर ८ आहे आणि दुसऱ्यांदा वाचून पाहिल्यावर तो १६ झाला. ०५ अजूनही ० आहे. याचा अर्थ काय लावावा?

उद्यमबाग_बेळगाव

मी उद्यमबागेत यंत्रांच्या इलेक्ट्रॉनिक भागांची देखभाल करतो आणि निपाणीच्या दादांनी काढलेला निष्कर्ष मला पूर्ण पटतो. त्यात माझ्या कामाच्या अनुभवातून एक भर घालतो.

साडेतीन इंची डिस्कला दोन प्रकारचा दाब लागतो: लाल वायरवरचा ५ व्होल्ट तिच्या इलेक्ट्रॉनिक सर्किटसाठी आणि पिवळ्या वायरवरचा १२ व्होल्ट मुख्यतः मोटरसाठी. बारा व्होल्टच्या बाबतीत पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे ११.४ ते १२.६ या मर्यादेत तो राहायला हवा. ताईंच्या कन्व्हर्टरची नेमकी पिवळी पिन जळालेली आहे. सैल किंवा गंजलेल्या जोडाचा विरोध वाढतो, त्यातून प्रवाह गेला की तो जोड तापतो, तापल्यामुळे पिनेची पकड आणखी सैल होते आणि डिस्कपर्यंत पोहोचणारा दाब घसरतो. कॉपी सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनीच डिस्क का जात होती, हे यावरून स्पष्ट होते: जोड तापायला तेवढा वेळ लागत होता. जवळ मल्टीमीटर असेल तर रिकाम्या राहिलेल्या चार पिनांच्या प्लगवर पिवळ्या व काळ्या वायरच्या मधला दाब मोजून पाहा. तेथे १२ च्या आसपास मिळाले तर पॉवर सप्लाय सुस्थितीत आहे आणि दोष कन्व्हर्टरपुरताच होता, असे म्हणता येईल. खानापूर भागातील पावसाळी दमट हवेत पितळी पिनांवर असा थर चढणे अगदी नेहमीचे आहे, म्हणून जुना जोड वापरात घेण्यापूर्वी उघड्या डोळ्यांनी पाहण्याची सवय सर्वांनीच लावून घ्यावी असे मला वाटते.

आता सी५ कडे वळतो, कारण खरी परीक्षा येथे आहे. डिस्क प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे तबकडीवरच्या साठवणुकीच्या लहान तुकड्यात, माहितीबरोबर तिच्या दुरुस्तीचा संकेतही लिहून ठेवते. वाचताना दोहोंचा मेळ बसला नाही आणि दुरुस्तीही जमली नाही, तर तो सेक्टर ‘निर्णय बाकी’ अशा यादीत जातो आणि सी५ वाढतो. हल्लीच्या डिस्कमध्ये प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचा असून संगणकाला तो ५१२ बाइटचे आठ सेक्टर म्हणून दाखवला जातो, त्यामुळे हा आकडा अनेकदा आठाच्या पटीत वाढतो. तुमचे १६ म्हणजे बहुधा दोनच प्रत्यक्ष सेक्टर असावेत.

असा सेक्टर दोन कारणांनी तयार होऊ शकतो. लिहीत असतानाच वीज तुटली, तर तबकडी निर्दोष असूनही लिखाण अर्धवट राहते. किंवा तबकडीचा पृष्ठभागच त्या जागी सदोष असतो. नुसता सी५ पाहून यातले कोणते कारण खरे आहे, हे सांगता येत नाही. ताई, तुमच्या डिस्कला तर पन्नासहून अधिक वेळा विजेचा झटका बसलेला आहे, म्हणून पहिली शक्यता वगळता येत नाही. तथापि, ही तीन पाने तुम्ही पॉवर सुधारल्यानंतर लिहिलेली आहेत, आणि म्हणूनच मला दुसऱ्या शक्यतेची अधिक काळजी वाटते.

याचा निकाल लावायची रीत अशी. जुन्या डिस्कवर सर्व मूळ फाइली शाबूत आहेत याची खात्री करून नवीन डिस्कचे पूर्ण फॉरमॅट करा. ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढायला विसरू नका. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट करताना सगळ्या डिस्कभर शून्ये लिहिली जातात. ‘निर्णय बाकी’ असलेल्या सेक्टरवर नवीन लिखाण झाले की डिस्कला निर्णय घ्यावा लागतो: जागा चांगली निघाली तर सेक्टर यादीतून सुटतो आणि ०५ तसाच राहतो, जागा वाईट निघाली तर तिच्या बदल्यात राखीव सेक्टर दिला जातो आणि ०५ वाढतो. सरासरी १५० एमबी वेगाने ४ टीबी लिहायला साडेसात तास लागतील. त्यानंतर स्मार्टमॉनटूल्स किंवा डिस्कच्या कंपनीच्या स्वतःच्या तपासणी प्रोग्राममधून दीर्घ स्वयंचाचणी लावा. तिलाही जवळपास तेवढाच वेळ लागेल.

या दीर्घ चाचणीचे महत्त्व सर्वांनी लक्षात घ्यावे. ती चाचणी संगणक करीत नाही, तर डिस्क स्वतःच आपला पृष्ठभाग आतल्या आत वाचून पाहते. त्या वेळी डेटा केबलमधून माहितीची ये-जा होतच नाही. त्यामुळे पॉवर चांगली असताना ही चाचणी नापास झाली, तर दोष केबलवर किंवा मदरबोर्डवर ढकलता येत नाही.

निपाणी_संगणक_दुरुस्ती

उद्यमबागच्या दादांशी सहमत. फक्त दिवस मोजा, ताई. आज सातवा आहे. एक रात्र फॉरमॅटला आणि एक रात्र चाचणीला दिली तरी मुदतीत बसते. संगणक आपोआप झोपी जाण्याची सेटिंग बंद ठेवा. आणि चेकडिस्क पुन्हा चालवू नका: ते फाइलींची मांडणी सुधारण्यासाठी आहे, आणि आजारी डिस्कवर ते तासन्‌तास चालवणे म्हणजे तिला विनाकारण दमवणे आहे.

खानापूर_वाचनालय

दोन रात्रींची हकिगत सविस्तर लिहिते.

मल्टीमीटर गावातल्या वायरमनकडून आणला. रिकाम्या चार पिनांच्या प्लगवर १२.०५ व्होल्ट मिळाले. मग त्यालाच तो जळका कन्व्हर्टर जोडून, वायरमनने त्याच्या दुसऱ्या टोकाला संगणकाचा जास्तीचा पंखा लावून मोजले, तर अवघ्या काही मिनिटांत आकडा ११.१ वर आला. पंखा डिस्कपेक्षा खूप कमी वीज घेतो, तरी ही स्थिती. पॉवर सप्लाय वाचला, याचे समाधान वाटले.

पूर्ण फॉरमॅट रात्री नऊला लावले आणि ते पहाटे पाचच्या सुमारास संपले. त्यानंतर सी५ शून्य झाला आणि ०५ सुद्धा शून्यच राहिला. वीज तुटल्यामुळेच ते सेक्टर अर्धवट राहिले होते आणि डिस्क निर्दोष आहे, असे त्या क्षणी मी मानले व तसे येथे लिहायलाही बसले होते. पण चाचणीचा निकाल आल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवून थांबले, ते बरे झाले.

पहिली दीर्घ चाचणी लगेच सकाळी लावली, तर साडेनऊला करंट गेला. आमचा यूपीएस वीस मिनिटे टिकतो आणि त्या दिवशी झाड तारांवर पडल्यामुळे दुपारपर्यंत वीज आली नाही. नोंदीत ‘खंडित’ असा शेरा आला. वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावली. या वेळी ती आपणहून थांबली आणि ‘रीड फेल्युअर’ असा निकाल दिला: चाचणीचा ६० टक्के भाग शिल्लक, पहिला न वाचता आलेला सेक्टर ३,१२,५६,१४,८८०. सी५ समोर आता २४ होते.

मन घट्ट करून त्या रात्री दुसऱ्यांदा पूर्ण फॉरमॅट केले. सकाळी ०५ समोर १६ आणि सी५ समोर ८. त्यानंतर निपाणीच्या दादांनी मला निरोप पाठवून सुचवल्याप्रमाणे डिस्क गावच्या शाळेतील संगणकाला, तेथल्याच केबलने आणि तेथल्याच पॉवर सप्लायने जोडून चाचणी लावली. तेथेही ती नापास झाली, आणि या वेळचा सेक्टर ३,१२,५६,२०,१४४. म्हणजे पहिल्या जागेपासून जेमतेम पाच हजार सेक्टरांच्या अंतरावर. क्रिस्टलडिस्कइन्फोचा निळा रंग जाऊन आता पिवळा आला आहे.

आज नववा दिवस आहे.

उद्यमबाग_बेळगाव

ताई, आता शंकेला जागा उरलेली नाही. दोन वेगळे संगणक, दोन वेगळे पॉवर सप्लाय, दोन वेगळ्या केबल, आणि नापास होण्याची जागा तीच. शिवाय ०५ वाढायला सुरुवात झालेली आहे. तबकडीच्या त्या पट्ट्यात पृष्ठभागच सदोष आहे आणि तो दोष कन्व्हर्टरमुळे निर्माण झाला असे मला वाटत नाही, कारण विजेच्या झटक्याने बिघडलेले लिखाण पुन्हा लिहिल्यावर सुधारते आणि सुधारलेलेच राहते. तुमच्याकडे मुळात दोन स्वतंत्र दोष होते. पहिला इतका मोठ्याने बोलत होता की त्याच्या आवाजात दुसरा ऐकू येत नव्हता. पहिला सापडल्यावर तुम्ही फाइली परत वाचून पाहिल्या नसत्या, तर दुसरा काही महिन्यांनी, जुनी डिस्क मोडीत निघाल्यावर कळला असता.

चिकोडी_शिक्षक

मी पहिल्याच दिवशी परत द्या म्हटले होते, परंतु तेव्हा परत दिली असती तर दुसरी डिस्कही त्याच जळक्या कन्व्हर्टरला लागली असती, हे आता मला समजते. या चर्चेतून मी स्वतः पुष्कळ शिकलो. ताई, दुकानात जाताना बिल, डिस्कचा खोका आणि आतली चंदेरी पिशवी न विसरता न्या. दुकानदाराने टाळाटाळ केलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. तेवढी वेळ येणार नाही अशी आशा करू या.

निपाणी_संगणक_दुरुस्ती

दुकानदार बहुधा डिस्क लावून पाहील, ती यादीत दिसेल आणि तो म्हणेल की चालते आहे. म्हणून दोन्ही चाचण्यांच्या नोंदी कागदावर छापून न्या. त्यात डिस्कचा अनुक्रमांक, किती तासांवर चाचणी झाली आणि कोणत्या सेक्टरवर ती थांबली, हे सर्व येते. डिस्कने स्वतःविषयी दिलेला जबाबच तो. आपल्या भागात समोरचा माणूस कन्नड बोलणारा असो वा मराठी, या कागदाचा अर्थ दोघांनाही सारखाच लागतो.

बदली डिस्क हातात घेताना अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटीची तारीख तेथेच उभ्याने पाहून घ्या. घरी आणल्यावर पहिल्या जोडणीतच ०९ आणि ०सी पाहा. तास शून्य किंवा एक आणि सुरू होण्याची संख्या अगदी थोडी असायला हवी. तेवढ्यावरही पूर्ण विसंबू नका. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघडकीस आले, आणि त्यांतील स्मार्टचे तास आधीच पुसून शून्य केलेले होते. त्या कंपनीच्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची वेगळी नोंद असते, तिच्यात खरे तास सापडले. स्मार्टमॉनटूल्सच्या ७.४ आणि त्यापुढील आवृत्तीत ती नोंद वाचता येते. तास जुळले की मग पूर्ण फॉरमॅट, दीर्घ चाचणी आणि त्यानंतरच पहिली फाइल, हा क्रम मोडू नका.

खानापूर_वाचनालय

काल बेळगावला जाऊन आले. दुकानदाराने दादांनी सांगितल्याप्रमाणेच आधी डिस्क लावून ‘दिसते आहे की’ असे म्हटले. मी दोन्ही कागद पुढे ठेवले. त्यांनी ते शांतपणे वाचले, दोन्ही सेक्टरांचे आकडे बोटाने जुळवून पाहिले, मुलाला कन्नडमध्ये काहीतरी सांगितले आणि आतून दुसरी डिस्क मागवली. बिलावर नवीन अनुक्रमांक लिहून सही-शिक्का दिला. पंधरा मिनिटांत काम झाले.

नवीन डिस्क पहिल्यांदा जोडली तेव्हा तास ०, सुरू होण्याची संख्या २. रात्री पूर्ण फॉरमॅट केले, आज दिवसभर दीर्घ चाचणी चालली आणि सुदैवाने करंट टिकला. निकाल निर्दोष आला. ०५, सी५, सी६ आणि सी७ हे चारही शून्य आहेत. आता संध्याकाळी ४७० जीबी उतरवून पडताळणीसह वाचून पाहिले, त्यात एकही पान अडखळले नाही. अडकलेली ती तीन पाने मी स्वतः उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

जुनी १ टीबी डिस्क तशीच ठेवणार आहोत, आणि तिसरी प्रत लहान बाह्य डिस्कवर काढून ती बेळगावच्या टिळकवाडीत राहणाऱ्या आमच्या एका सभासदांच्या घरी ठेवायचे ठरले आहे, म्हणजे वाचनालयाच्या छपरातून पाणी आले तरी सगळे एकाच वेळी जाणार नाही. कन्व्हर्टर पाकिटात घालून त्यावर ‘जळका, वापरू नये’ असे लिहिले आणि भाच्याला दाखवले. सातही आकड्यांची वही आता संगणकाशेजारीच टांगली आहे. महिन्यातून एकदा त्यात नोंद करायची जबाबदारी त्याने घेतली आहे.

तुम्हा तिघांचेही मनापासून आभार. उद्यापासून स्कॅनर पुन्हा सुरू करतो आहोत. भजनी मंडळाच्या वहीची शेवटची चाळीस पाने राहिली आहेत.